त्रागा करतात, मेल्टडाउन येतो

सभागृहात एखाद्या आमदाराने कागद भिरकावले, बाद दिल्यावर एखाद्या फलंदाजाने बॅट आपटली, चित्रीकरणाच्या वेळी कुणी नट दिग्दर्शकावर ओरडला, की हल्ली मथळ्यात एक शब्द हमखास येतो: मेल्टडाउन. त्यावरून होणारा वादही ठरलेला. एक बाजू म्हणते, मराठीत थयथयाट आहे, आकांडतांडव आहे, त्रागा आहे, मग हा उसना शब्द कशाला? दुसरी बाजू म्हणते, भाषा वाहती असते, टेबल आणि पेन चालतात तर मेल्टडाउनने काय घोडं मारलंय? दोघंही तावातावाने भांडतात आणि दोघांचाही नेम चुकतो. शब्द कुठल्या भाषेतून आला यावर एवढी शाई खर्च होते, पण ज्याच्याबद्दल तो वापरला त्या माणसाचा ताबा खरंच सुटला होता का, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मेल्टडाउन हा शब्द आज मराठीला हवा आहे, निकडीने हवा आहे. आणि म्हणूनच तो रागावलेल्या पुढाऱ्यांवर उधळणं थांबवायला हवं.

ही निकड मला कळली ती माझ्या भाच्यामुळे. तो नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिस्टिक. दोन उन्हाळ्यांपूर्वी घरात लग्न होतं. कार्यालयाला खाली फरशी आणि वर पत्रा, त्यामुळे प्रत्येक आवाज दोनदा ऐकू येत होता. बहिणीने कान झाकणारे हेडफोन आणले होते. पण सकाळपासून होमाचा धूर, नव्या झब्ब्याची टोचणारी कॉलर, गालगुच्चा घेऊन ‘ओळखलंस का मला?’ विचारणारे पाहुणे, असं चार तास चाललं होतं. शेवटची मंगलाष्टका संपली, अक्षता पडल्या आणि त्याच क्षणी बँडवाल्यांनी ताशा आणि ट्रम्पेट एकदम सुरू केले. पोरगं जागच्या जागी खाली बसलं. दोन्ही हात कानांवर, डोळे घट्ट मिटलेले, तोंडातून एकच लांब सूर. मग त्याने स्वतःच्या मनगटाला चावा घेतला. भोवती लोक जमले. ‘फार लाडावून ठेवलंय,’ एक मावशी म्हणाली. ‘मोबाइल द्या हातात, गप्प बसेल,’ दुसरी म्हणाली. कुणी खरंच मोबाइल पुढे केला. त्याच्या आवडीचा आगगाडीचा व्हिडिओ लावलेला होता, पण त्याने डोळेच उघडले नाहीत. बहिणीने त्याला उचललं, भांडी घासण्याच्या जागेमागून गाडीत नेलं, एसी लावून काचा वर केल्या आणि त्याला गोधडीत घट्ट गुंडाळून एक शब्दही न बोलता बसून राहिली. चाळीस मिनिटं लागली. परत आली तेव्हा पंगत बसली होती. ती एवढंच म्हणाली, ‘हट्ट नव्हता तो. मेल्टडाउन आला होता.’ थोरले काका म्हणाले, ‘अगं, मराठीत सांग की!’ ती बोलायला गेली आणि थांबली. सांगण्यासारखा शब्द तिच्याकडे नव्हता.

आता कुणी म्हणेल, शब्द नव्हता कसा? मराठीइतकी रागाची आणि आकांताची श्रीमंती कुठल्या भाषेत आहे? हे मला पूर्ण मान्य आहे. पारा चढतो, पित्त खवळतं, तळपायाची आग मस्तकात जाते, माणूस डोक्यात राख घालून घेतो. पोरं हट्ट करतात, भोकाड पसरतात, हातपाय आपटतात. पण या शब्दांबरोबर येणारी क्रियापदं जरा बघा. हट्ट करतात. थयथयाट करतात. आकांडतांडव करतात. त्रागा करतात. करणारा आहे, म्हणजे न करणंही त्याच्या हातात आहे. उलट जे माणसाच्या हातात नाही तिथे मराठी फार काटेकोरपणे क्रियापद बदलते. ताप येतो, फिट येते, घेरी येते, हुंदका येतो. तिथे माणूस कर्ता राहत नाही. ‘त्याला’ काहीतरी येतं. माझ्या बहिणीने भाषाशास्त्र शिकलेलं नाही, पण ती नेमकं तेच बोलली: मेल्टडाउन आला होता. शब्द इंग्रजी आणि क्रियापद अस्सल मराठी. त्या क्रियापदातच तिचं सगळं म्हणणं होतं. काकांना नाम खटकलं आणि क्रियापद ऐकूच गेलं नाही.

त्रागा हा शब्द तर या वादात मुद्दाम उलगडून पाहण्यासारखा आहे, कारण मेल्टडाउनला पर्याय म्हणून तोच सगळ्यात जास्त सुचवला जातो. काठेवाड-गुजरातेत चारण आणि भाट हे कवनं गाणारे लोक मोठ्या व्यवहारांना आणि करारांना जामीन राहत. कुणी वचन मोडलं की चारण त्याच्या दारी जाऊन स्वतःच्या अंगावर कट्यारीने वार करून घेई, कधी प्राणही देई. त्या रक्ताचं पाप वचन मोडणाऱ्याच्या माथी बसतं अशी समजूत होती. त्यालाच त्रागा म्हणत. आपल्याकडे पेशवाईत सावकार कुळाच्या दारात धरणं धरून उपाशी बसे, त्याच जातीची ही गोष्ट. इजा स्वतःला, पण रोख दुसऱ्यावर. आजही घरात कुणी ‘नको मला जेवण!’ म्हणून ताट सरकवतं तेव्हा आपण त्रागा म्हणतो, कारण ते ताट कुणासाठी तरी सरकवलेलं असतं. त्राग्याला समोर प्रेक्षक लागतो, मागणी लागते आणि मागणी पुरी झाली की तो शमतो. म्हणजे मराठीकडे एका प्रसंगासाठी अतिशय अचूक शब्द आहे. मात्र भाच्याने मनगटाला चावा घेतला तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते. समोर कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि बँड थांबला तरी तो थांबला नाही. याला त्रागा म्हटलं तर मराठी शब्द वापरल्याचं समाधान मिळेल, पण मुलाबद्दल खोटं बोलल्यासारखं होईल.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा याहून भक्कम आहे. शब्द प्रवास करतात. मेल्टडाउन काही मुलांसाठी जन्मलेला शब्द नव्हे. तो अणुभट्टीतून आला. भट्टीतून मुलाकडे येऊ शकतो तर मुलाकडून मंत्र्याकडे का जाऊ नये? त्यावर मालकी कुणाची? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर अणुभट्टीतच सापडतं.

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप झाला तेव्हा फुकुशिमा दाईची केंद्रात सहापैकी तीन भट्ट्या चालू होत्या. धक्का बसताच त्या आपोआप बंद पडल्या, म्हणजे ठरल्याप्रमाणे सगळं झालं. पण अणुभट्टी चुलीसारखी विझत नाही. आतली विभाजनाची साखळी थांबली तरी उरलेले किरणोत्सारी घटक उष्णता देतच राहतात, म्हणून बंद भट्टीलाही सतत थंड पाणी द्यावं लागतं. तासाभराच्या आत त्सुनामी आली, डिझेल जनित्रं पाण्याखाली गेली, पंप थांबले. मग बंद असलेल्या त्या तीन भट्ट्यांतलं इंधन आतल्या आत वितळलं. मेल्टडाउन म्हणजे हे. कुणी आग वाढवली म्हणून तो होत नाही. आतली उष्णता बाहेर काढणारी वाट बंद होते म्हणून होतो. आता तो लग्नाचा हॉल आठवा. धूर, कॉलर, गालगुच्चे, घुमणारा आवाज. इतरांचा मेंदू यातलं बरंचसं गाळून टाकतो, काय कामाचं आणि काय बिनकामाचं ते वेगळं करतो. माझ्या भाच्याच्या डोक्यात ते सगळं एकाच जोराने शिरतं आणि साचतं. त्याच्याकडे पंप कमी आहेत, आणि जे आहेत तेही आपण हेडफोन ओढून, ‘नमस्कार कर, शेकहँड कर’ म्हणत बंद पाडतो. बँड शेवटी वाजला एवढंच. म्हणजे भट्टीतून मुलाकडे आलेल्या शब्दाने येताना आपली आतली रचना सोबत आणली: साठत जाणं, निचरा थांबणं, बाहेरचं कारण दूर झालं तरी आतली धग बराच वेळ राहणं. मुलाकडून मंत्र्याकडे जाताना यातलं काय जातं? फक्त गोंगाट. प्रवासात शब्दाचं गाठोडं हरवत असेल तर त्या प्रवासाला भाषेची वाढ म्हणणं मला पटत नाही.

फुकुशिमाच्या गोष्टीला आणखी एक पदर आहे. केंद्र चालवणारी टेपको कंपनी दोन महिने ‘मेल्टडाउन’ म्हणायला तयार नव्हती. ‘गाभ्याची हानी’, म्हणजे भट्टीतल्या इंधनाची हानी, एवढंच म्हणत राहिली. गाभ्याची हानी ५ टक्क्यांच्या वर गेली की मेल्टडाउन जाहीर करावा, असं त्यांच्याच अंतर्गत नियमावलीत लिहिलेलं होतं. तो शब्द वापरू नका अशी सूचना तेव्हाच्या अध्यक्षांनी दिली होती, हे २०१६ साली चौकशीत उघड झालं आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. एक शब्द टाळण्यासाठी एवढा खटाटोप का झाला असेल? कारण तो उच्चारला की लोकांना कळलं असतं की हे आता कुणाच्या हातात राहिलेलं नाही. माझ्या बहिणीला त्या हॉलमध्ये लोकांना नेमकं तेच कळवायचं होतं. आणि ज्या लोकांनी आदल्याच आठवड्यात कुठल्या तरी पुढाऱ्याच्या मेल्टडाउनवर हसून घेतलं होतं, त्यांना तो शब्द ऐकून काय कळणार होतं? ‘म्हणजे राग आला होय!’ एका वहिनीने मान डोलावली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिच्यापर्यंत शब्द पोचला होता तोच झिजून.

ताबा सुटणं आणि ताबा सोडणं यातला फरक आपल्याला ओळखता येत नाही असंही नाही. कचेरीतला साहेब कनिष्ठ कारकुनावर फाइल फेकतो, शिव्या घालतो, चेहरा लालबुंद. तेवढ्यात वरिष्ठांचा फोन वाजतो. ‘हां सर, बोला सर, झालंच सर.’ आवाजात साखर. फोन ठेवला की पुन्हा फाइल. हे मी स्वतः एका खोलीत उभं राहून पाहिलेलं आहे. दुसऱ्या दिवशी तो माणूस हसत म्हणाला, ‘काल माझा जरा मेल्टडाउन झाला.’ ज्याचा संताप हुद्दा बघून थांबतो आणि हुद्दा बघून सुरू होतो, त्याचा ताबा कुठे सुटला होता? त्याने एका असहाय अवस्थेचं पांघरूण एका सवयीवर ओढलं, एवढंच.

कायद्याने हा प्रश्न मुंबईतच एकदा फार बारकाईने तपासला आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे आत्मसंयम सुटला असेल तर कायद्यात खुनाला अपवाद होता, आणि तो अपवाद इथे लागू करावा असाही एक युक्तिवाद झाला. लोकभावना नानावटींच्या बाजूची होती; ज्युरीने तर आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवलं होतं. पण २४ नोव्हेंबर १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घड्याळ समोर ठेवलं. पत्नीने कबुली दिल्यावर नानावटींनी बायकामुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर गेले, रात्री एकट्याने अहमदनगरला गाडीने जायचं आहे असं खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आधी आहुजाच्या कचेरीत गेले आणि मग घरी. दीड वाजता घर सोडलं, गोळीबार झाला चार वाजून वीस मिनिटांनी. एवढ्या वेळात संयम परत यायला पुरेशी सवड होती, असं न्यायालय म्हणालं. त्या माणसाला यातना झाल्या नसतील असं कोण म्हणेल? पण यातना होणं वेगळं आणि ताबा सुटणं वेगळं. जो सबब रचतो, पत्ता शोधतो, माणूस निवडतो, त्याच्या हातात लगाम आहे. हीच कसोटी साहेबाला लावा, कॅमेऱ्याकडे तिरका कटाक्ष टाकून माइक आपटणाऱ्या नेत्याला लावा. आणि मग डोळे मिटून स्वतःलाच चावणाऱ्या पोराला लावा.

इथे माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो मी मनापासून मान्य करतो. मेल्टडाउन काय फक्त स्वमग्न माणसांनाच येतो? करोनाच्या दुसऱ्या लाटेत सलग ड्यूट्या करून एखादी परिचारिका पीपीई किट काढता काढता जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडली असेल, तिचं काय? तिच्या कपाळी निदानाची चिठ्ठी नाही म्हणून तिला हा शब्द नाकारायचा? मुळीच नाही. माझी कसोटी निदानाची नाही, लगामाची आहे. तिच्याही बाबतीत साठत गेलं होतं आणि निचऱ्याची वाट बंद होती. तिला हा शब्द शोभतो. स्वमग्न व्यक्तींपैकी काहींना हा शब्द मुळातच आवडत नाही, हेही खरं. आमची तुलना अणुस्फोटाशी नको, लोक आम्हाला धोकादायक समजतात, असं ते म्हणतात. त्यांच्या या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांच्या जवळच्यांनी त्यांना चालेल तो शब्द वापरावा.

पण शब्दांवरून एवढं काय, मुलाला समजून घ्या म्हणजे झालं, असं म्हणणाऱ्यांशी मात्र मला भांडायचं आहे. शब्दांमुळे आयांचं काय होतं हे इतिहासात नोंदलेलं आहे. अमेरिकेत १९४३ साली लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, वर्णन केलं. पुढे त्यांच्याच लिखाणात या मुलांच्या आईबापांच्या थंडपणासाठी फ्रिजची उपमा आली आणि त्यातून ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्दप्रयोग रूढ झाला: आईच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल असं झालं. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात याच विचाराला बळ दिलं. वास्तविक त्याआधी, १९६४ मध्येच, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे असं सविस्तर मांडलं होतं. तरी ‘थंड आई’ हा शब्द इतका चपखल वाटत होता की त्याला हटवायला वर्षं गेली, आणि तोवर किती बायकांनी स्वतःला अपराधी मानलं असेल. आपल्याकडचा ‘लाडावलंय’ हा शब्द त्याच्या बरोबर उलट टोकाचा: तिथे आई फार थंड, इथे आई फार मऊ. दोन्हीकडे बोट आईकडेच. अपंग हक्क कायद्याने २०१६ साली २१ प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नतेची नोंद केली, ते फार चांगलं झालं. पण एसटीत शेजारच्या सीटवरून येणाऱ्या ‘एक ठेवून द्या’ला कायद्याचं कलम दाखवता येत नाही. तिथे एका शब्दात काम भागलं पाहिजे.

मग मराठी शब्द घडवा, असं शुद्धीवादी म्हणतील. जरूर घडवावा. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला तेव्हापासून आपल्याकडे ही परंपरा आहे, आणि पुढच्या काळात घडवलेले महापौर, दिनांक हे शब्द आज कुणाला परके वाटत नाहीत. पण नुसता संस्कृत धातू आणि प्रत्यय जोडून हे काम होणार नाही, हे ‘स्वमग्नता’ या शब्दानेच दाखवून दिलं आहे. दिसायला सुंदर शब्द. ऐकणाऱ्याला वाटतं, मूल आपल्यातच रमलंय, बाहेरच्या जगाचं त्याला काही नाही. त्या हॉलमधल्या पोराला बाहेरच्या जगाचं काही नव्हतं? त्याच्या अंगावर तर ते जग सगळ्या बाजूंनी चालून आलं होतं. मूळ इंग्रजी शब्दातही ‘स्व’च आहे, त्यामुळे भाषांतर करणाऱ्याचा दोष नाही, पण तोच दोष आपण इमानाने मराठीत आणला. नवा शब्द यायचा तर तो अशी मुलं रोज सांभाळणाऱ्या घरांतून यावा, आणि त्याचं क्रियापद ‘करणे’ नसावं. तोवर मथळे लिहिणाऱ्यांना माझी विनंती साधी आहे. नेता भडकला, संतापला, बरसला, थयथयाट केला, काहीही लिहा, शब्दांचा तुटवडा नाही. मेल्टडाउन तेवढा आमच्या मुलांसाठी राहू द्या.

बहिणीच्या घरात मात्र एक शब्द आपोआप तयार झालाय. भाचा अस्वस्थ होऊ लागला, बोटं भराभर हलू लागली की ती म्हणते, ‘भरत आलंय त्याचं.’ गच्चीवरच्या टाकीबद्दल बोलावं तसं. मग टीव्ही बंद होतो, ट्यूबलाइट मालवली जाते, पाहुणे दुसऱ्या खोलीत जातात. गेल्या दिवाळीत काका तिच्याकडे गेले होते. बाहेर फटाक्यांची माळ लागली तसे ते उठले, खिडक्या लावून घेतल्या, परत येऊन बसले आणि हळूच तिला विचारलं, ‘भरलं नाही ना गं त्याचं?’